गरिबी संपवू पाहणाऱ्या राणीवर अद्भुत कादंबरी कशी लिहावी: पुण्यातल्या नवलेखकांसाठी

माझी पहिली कादंबरी पुरी व्हायला सात वर्षं लागली. पहिला खर्डा ६४० पानांचा होता. त्यात एक राणी गादीवर येते, सरकारी कोठारं उघडते, गावोगावी अन्नछत्रं घालते आणि पाच वर्षांत राज्यात उपाशी माणूस उरत नाही. सदाशिव पेठेतल्या एका वयोवृद्ध संपादकांनी तो खर्डा सबंध वाचला. मला बोलावून घेतलं, चहा दिला आणि विचारलं, "ताई, हे धान्य आलं कुठून?"

मला सांगता आलं नाही. त्या दिवसांत मी एका पतसंस्थेत शेतीकर्जाच्या टेबलावर होते, सात-बारा आणि थकबाकीच्या याद्या रोज हाताखालून जात होत्या. तरी राणीच्या राज्यात मी एका दाण्याचा हिशेब मांडला नव्हता. त्या एका प्रश्नानं माझी पुढची तीन वर्षं आखून दिली. तुमची ती तीन वर्षं वाचावीत म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

बसण्याआधी जवळ काय हवं

- दोन वह्या. एक कथेची. दुसरी राज्याच्या जमाखर्चाची. तिला जाड पुठ्ठ्याची लांब चोपडी घ्या, कारण ती कथेच्या वहीपेक्षा जास्त वेळा उघडावी लागते.
- राज्याचा हातानं काढलेला नकाशा. नद्या, घाट, बाजाराची गावं, कोरडवाहू पट्टा. चित्र सुंदर नसलं तरी चालेल, अंतरं मात्र खरी हवीत.
- एका चांगल्या ग्रंथालयाचं सभासदत्व. बहुतेक ठिकाणी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि अनामत रक्कम लागते.
- युनिकोड मराठी टायपिंगचा सराव.
- तीन वाचक. त्यातला एक तरी शेतीत राबलेला असावा.

१. आधी ठरवा, कोणती गरिबी?

"राज्यात फार गरिबी होती" या वाक्यानं सुरुवात केलीत, तर राणीला करण्यासारखं काही उरत नाही. गरिबी कशातून आली हे लिहिणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे. कर्जातून? पाण्यातून? शेतसाऱ्यातून? वेठबिगारीतून? की माणसाला विहिरीवर येऊ न देणाऱ्या रूढीतून? प्रत्येकीचा उपाय वेगळा, शत्रू वेगळा, म्हणून कथाही वेगळी.

पुण्याच्या आसपास याचे धडे जमिनीतच आहेत. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जखतं काढून जाळली. आज ते सुपे बारामती तालुक्यात आहे. मागची कारणं बघा: अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असताना इथल्या कापसाला भाव चढले, शेतकऱ्याला कर्ज सहज मिळू लागलं. युद्ध १८६५ मध्ये संपलं, भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारनं सारा वाढवला. हजारो मैलांवरची लढाई सुप्याच्या माणसाच्या घरावर येऊन आदळली. तुमच्या राणीच्या राज्यात अशी दूरची लढाई कोणती? ती नकाशावर आधी दाखवा.

आता हाच प्रसंग राणीकडे न्या. नव्या लेखकाला मोह होतो की तिनं सगळी कर्जखतं भर चौकात जाळावीत, लोकांनी जयजयकार करावा आणि प्रकरण संपावं. माझ्या पहिल्या खर्ड्यात अगदी हेच होतं. पण पुढच्या मृगाला पेरणीचं बियाणं कोण देणार? सावकारानं हात आखडला, की कर्जातून सुटलेलाच शेतकरी मोकळ्या रानात उभा राहतो. म्हणजे कर्जखतं जाळायच्या आधी तगाईची सोय लागते. पेरणीच्या आधी सरकारातून दिलेलं आणि पिकावर फेडून घ्यायचं कर्ज, ती तगाई. मराठेशाहीत हा शब्द रोजच्या कारभारात होता. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला पहिली काही वर्षं कमी आणि मग चढता सारा, म्हणजे इस्तावा, हेही त्याच कारभारातलं. असे शब्द शोधून ठेवा. एकेका शब्दावर अख्खं प्रकरण उभं राहतं.

पाण्याच्या गरिबीसाठी कात्रजकडे बघा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळानं पाणी शहरात आणलं गेलं आणि पेठांतल्या हौदांत सोडलं गेलं. पाणी शहरात पोचलं, पण प्रत्येकाच्या घागरीत पोचलं नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा नळ बांधून शंभरावर वर्षं झाली होती. राणीनं धरण बांधलं असं लिहाल, तर हौदावर कोण उभं राहू शकतं हेही लिहा.

२. राज्याची चोपडी मांडा

हे काम सगळ्यात जास्त वेळ खातं आणि सगळ्यात जास्त देतं. मी कशी मांडते ते दाखवते.

एक गाव घ्या, ४०० माणसांचं. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरा. दिवसाला २०० किलो, वर्षाला ७३,००० किलो, म्हणजे ७३० क्विंटल. कोरडवाहू ज्वारी एकरी चार क्विंटल पिकते असं तुमच्या राज्यापुरतं ठरवा. नुसत्या पोटासाठी १८३ एकर लागले. सरकार पिकाचा तिसरा हिस्सा नेत असेल, तर ७३० क्विंटल मागे उरायला १,०९५ क्विंटल पिकायला हवं, म्हणजे २७४ एकर. बियाणं, उंदीर-घूस, बलुतेदारांचं बलुतं, देवाचा वाटा अजून धरलेलाच नाही.

आता राणी गादीवर येते आणि सारा तिसऱ्या हिश्श्यावरून चौथ्यावर आणते. त्याच १,०९५ क्विंटलवर सरकारला ३६५ ऐवजी २७४ मिळतात. एका गावामागे सुमारे ९१ क्विंटलची तूट. अर्धा किलोच्या हिशेबानं त्या ९१ क्विंटलवर वर्षभर पन्नास माणसं जेवत होती. ती कोण होती? माझ्या चोपडीत उत्तर आलं: घाटावरच्या किल्ल्यातले शिपाई. त्या ओळीतून माझं अख्खं उपकथानक निघालं. शिपाई उपाशी, घाट उघडा, शेजारचा राजा टपलेला, आणि राणीचा सेनापती तिच्यासमोर उभा राहून म्हणतो, "आईसाहेब, आपण शेतकऱ्याला जेवू घातलंत, आता त्याची राखण कोण करणार?" तो लबाड नाही. त्याचं म्हणणं बरोबर आहे, आणि म्हणूनच तो प्रसंग वाचताना लोक थांबतात.

हिशेब कशाच्या आधारावर मांडावा याचा सगळ्यात चांगला धडाही पुण्यातलाच आहे. गोखले अर्थशास्त्र संस्था इथे १९३० पासून आहे. तिथल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा जो अभ्यास मांडला, त्यात माणशी रोज २,२५० कॅलरी मिळतील इतका खर्च ही किमान रेषा धरली होती. असा अभ्यास कादंबरीकारानं वाचावा असं मी आग्रहानं सांगते. गरीब कोणाला म्हणायचं, ही रेषा राणीच्या दरबारातही कोणीतरी ओढणार आहे, आणि रेषेच्या एक बोट वर राहिलेल्या बाईचं काय, हा प्रश्न कादंबरीचाच आहे.

मापं जुनी वापरणार असाल तर चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी एवढं लक्षात ठेवा. मण किती पायल्यांचा, हे मुलखागणिक बदलत असे. ही अडचण समजू नका. घेताना मोठी पायली आणि देताना लहान पायली वापरणारा एक व्यापारी मी त्यातूनच लिहिला, आणि सबंध राज्यात एकच माप लागू करणं ही माझ्या राणीची पहिली लढाई झाली.

इथला धोका एकच: चोपडी कथेत ओतू नका. वाचकाला ९१ क्विंटल दिसायला नकोत, किल्ल्यावरची थंड चूल दिसायला हवी.

३. पैसा कुठून येणार, ते लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका

माझी आजी शिरूर तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. मुकादम, हजेरीपट, कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरचा लाल मिलो हे शब्द मी तिच्याकडून ऐकले. त्या दुष्काळी कामांतूनच महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांनी तिची आखणी केली, १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम द्यायचं, हे त्याचं सूत्र.

कादंबरीच्या दृष्टीनं यातली मोलाची गोष्ट निधीची आहे. शहरातल्या पगारदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला गेला आणि तो पैसा गावाकडच्या कामांना गेला. म्हणजे पाझर तलावावर माती वाहणाऱ्या बाईचा आणि मुंबई-पुण्यातल्या कारकुनाचा एक धागा जुळला, दोघांना एकमेकांचं नावही ठाऊक नसताना. राणीच्या राज्यात हा कर कोणावर बसेल? तांब्याच्या कारागिरांवर? बंदरातल्या व्यापाऱ्यांवर? ते काय म्हणतील? हा वाद भर दरबारात होऊ द्या, आणि दोन्ही बाजूंना चांगले वक्ते द्या.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही दुष्काळात राजानं बियाणं आणि अन्न द्यावं, बांधबंदिस्तीची कामं काढावीत असं सांगितलं आहे. लोकांना काम द्यायचं ही कल्पना जुनी आहे, तेव्हा तुमच्या प्राचीन राज्यात ती परकी वाटणार नाही.

४. जादूची किंमत ठरवा

अद्भुत कादंबरी आहे, तर जादू हवीच. मराठीला ती नवी नाही. 'मुक्तामाला' ही कादंबरी १८६१ ची आणि 'मंजुघोषा' १८६८ ची. पण जादूनं कोठार भरायला लागलं की गरिबीची कथा तिथेच थांबते.

आपल्या परंपरेनं मर्यादा आधीच घालून दिली आहे. सूर्यानं युधिष्ठिराला दिलेली थाळी अक्षय होती, पण द्रौपदी जेवेपर्यंतच. ती जेवली की त्या दिवशीचं अन्न संपलं, आणि दुर्वास नेमके त्यानंतर येतात. कथा मर्यादेतून सुरू होते.

माझ्या राणीला पाणाड्याची विद्या आहे, जमिनीखालचं पाणी तिला ऐकू येतं. पहिल्या खर्ड्यात ती बोट दाखवी आणि विहीर भरे. आता प्रत्येक विहिरीमागे तिची एक आठवण जाते. याहून महत्त्वाची अट मी नंतर घातली: पाणी वाढत नाही, फक्त सापडतं. वरच्या गावात विहीर लागली की खालच्या गावाचा झरा आटतो. आपल्याकडे बोअरवेलवरून भावाभावांत जे होतं, ते मी तिथे नेलं.

तुमच्या जादूसाठी तीन ओळी लिहून भिंतीवर चिकटवा: ती काय करू शकते, काय करू शकत नाही, आणि तिची किंमत कोण मोजतं. तिसऱ्या ओळीत राणीऐवजी एखादा गरीबच येत असेल तर थांबा आणि पुन्हा विचार करा.

आणखी एक सांगायलाच हवं. 'चेटकीण' हा शब्द सहज वापरू नका. जमीन बळकावण्यासाठी एकट्या बायकांवर हा शिक्का मारल्याच्या घटना आपल्याच राज्यात घडल्या आहेत, आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला त्याची दखल घ्यावी लागली. गरिबीवर लिहिणाऱ्यानं तरी हे विसरू नये.

५. दान आणि गरिबीचा अंत यांतला फरक राणीला उशिरा कळू द्या

पेशवाईत श्रावणात पर्वतीच्या पायथ्याला रमण्यात, म्हणजे बंदिस्त आवारात, दक्षिणा वाटली जाई. दुरून ब्राह्मण येत, वाटप होई, आणि पुढच्या श्रावणात पुन्हा येत. याच्या शेजारी अहिल्याबाई होळकरांचं महेश्वर ठेवा. त्यांनी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्याच, पण महेश्वरात विणकर आणून वसवले. अहिल्याबाई १७९५ मध्ये गेल्या, माग अजून चालतात. तुमच्या राणीनं आधी रमणा भरवावा, मनापासून भरवावा, आणि पुढच्या वर्षी रांगेत तेच चेहरे बघून तिला झोप येऊ नये. तिथून कादंबरीचा दुसरा भाग सुरू होतो.

अहिल्याबाई किंवा जिजाऊ यांना नाव बदलून जशाच्या तशा घेऊ नका, हे मात्र बजावते. त्यांच्या आयुष्यातून कारभार शिका. व्यक्ती तुमची स्वतःची घडवा.

६. बोली आणि नावं

सगळे दरबारी संस्कृतात बोलू लागले की वाचक दूर जातो. राणीला सेनापती 'आईसाहेब' म्हणेल, कारकून 'बाईसाहेब' म्हणेल, आणि डोंगरातली म्हातारी सरळ 'बाई, तू' म्हणेल. जशी ती देवीशी बोलते, तशीच. या एका 'तू'नं जे साधतं ते दोन पानांच्या वर्णनानं साधत नाही. परक्या दंतकथांतले प्राणी आणू नका. आसरा, म्हसोबा, वेताळ, मुंजा आपल्याकडे भरपूर आहेत.

घरातल्या वस्तू बघायच्या असतील तर राजा केळकर संग्रहालयात एक पूर्ण सकाळ द्या. दिवे, भांडी, कुलपं, दौती. मी तिथे उभी राहून राणीचं स्वयंपाकघर लिहिलं. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्रही मिळवून वाचा. दाणावैरण जपून वापरा, नाहीतर उंदीर पेटती वात नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंतची काळजी त्यात आहे. राज्य चालवणारं मन इतकं बारीक बघतं.

७. कुठे बसायचं, काय वाचायचं

पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासूनचं. पेशवे दफ्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी ४५ खंडांत छापून ठेवले आहेत, त्यामुळे मोडी येत नसली तरी अडत नाही. कोणत्याही संस्थेत जाण्याआधी वेळ आणि बाहेरच्या वाचकांचे नियम फोनवर विचारून घ्या. सुट्टी काढून गेल्यावर दार बंद दिसलं की फार हिरमोड होतो.

वाचनाला एक मुदत घाला. मी दीड वर्ष नुसती टिपणं काढत राहिले आणि राणी दरबारात तशीच उभी होती.

८. खर्डा वाचून दाखवा

छापून हातात देऊ नका, मोठ्यानं वाचा. शेतीतल्या माणसासमोर दुष्काळाचं प्रकरण वाचा आणि त्याचा चेहरा बघा. माझ्या मामांनी एका ठिकाणी थांबवलं: "कडबा नाही म्हणतेस आणि बैल धष्टपुष्ट कसे?" तीन प्रकरणं बदलावी लागली. कौतुकाला तिथे वेळ देऊ नका. कुठे विश्वास बसला नाही, तेवढंच विचारा.

९. टंकलेखन आणि शुद्धलेखन

सगळं युनिकोडमध्ये टाइप करा. अनेक छपाईवाले अजून जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर काम करतात, आणि रूपांतर करताना 'ऱ्या', 'ऱ्हा', 'ॲ' अशी अक्षरं मोडतात. 'सुऱ्या'चा 'सुर्या' होतो. रूपांतरानंतरचं मुद्रित स्वतः वाचा, दोनदा. साहित्य महामंडळाचे १८ नियम आहेत: १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार. निवेदन प्रमाण ठेवा, संवादांची बोली मुद्रितशोधकाला आधीच समजावून सांगा, नाहीतर तो तुमच्या म्हातारीला शुद्ध करून टाकेल.

१०. प्रकाशक आणि कागदपत्रं

प्रकाशकाकडे सबंध हस्तलिखित टाकण्याआधी हे पाठवा: दोन पानांचा गोषवारा, पहिली तीन प्रकरणं, अर्ध्या पानात स्वतःचा परिचय, एकूण शब्दसंख्या. उत्तराला महिने लागतात.

मला एका प्रकाशकानं छपाईचा खर्च भरायला सांगितलं, मी भरला, आणि सांगितलेल्या प्रतींपैकी निम्म्याही छापल्या गेल्या नाहीत. करारात प्रतींचा आकडाच नव्हता. म्हणून करारात पुढील गोष्टी शोधा: पहिल्या आवृत्तीच्या प्रती, मानधनाचा टक्का आणि तो छापील किमतीवर की विक्रीवर, हिशेब कधी मिळणार, ई-बुक, श्राव्य आणि अनुवादाचे हक्क कोणाकडे, कराराची मुदत. मुदत लिहिलेली नसेल तर कायद्यानुसार ती पाच वर्षं धरली जाते. 'सर्व हक्क कायमचे' असा शब्दप्रयोग दिसला तर सही करू नका. पुस्तकाचा स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो; तुमच्या नातवंडांपर्यंत जाणारी ती मिळकत आहे. हक्काची नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवलेली बरी.

स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा क्रमांक, राजा राममोहन रॉय यांच्या नावानं चालणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन, विनाशुल्क मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची चालू जाहिरात बघा. अट अशी की पुस्तक आधी छापलेलं नसावं, म्हणून घाईनं छापून मग अर्ज करायला जाऊ नका. छपाईचा फर्मा १६ पानांचा असतो. पानं त्या पटीत बसवलीत तर कोरी पानं आणि खर्च दोन्ही वाचतात.

प्रती हातात आल्यावर शहरातल्या दुकानांबरोबर तालुक्याच्या वाचनालयांनाही द्या, विशेषतः कोरडवाहू पट्ट्यातल्या. माझ्या कादंबरीवरचं सगळ्यात उपयोगी पत्र तिकडूनच आलं. एका बाईंनी लिहिलं होतं की राणीच्या दुष्काळी कामावर लहान मुलं कुठे ठेवली होती ते कुठेच आलेलं नाही; त्या स्वतः झोळी झाडाला बांधून माती वाहायच्या. दुसऱ्या आवृत्तीत अकराव्या प्रकरणात बाभळीला बांधलेल्या झोळ्या आल्या आहेत.